पठाणबाईंची पंगत

माझी शिट्टी आयुष्यात एकाच माणसाने उसनी नेली आणि परत करताना मलाच ऐकवलं, "भाऊ, शिट्टी चांगली हाये. पन तुमी ते लवकर वाजवता." मी सिंदेवाहीच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा मास्तर. शिट्टी कधी वाजवायची हे मला कोणी शिकवावं, आणि तेही प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईने, हे मला तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं. आज त्या बाईंबद्दल लिहायला बसलो तर सगळ्यात आधी तो रागच आठवला, म्हणून तो आधी सांगून टाकला.

बाईंचं नाव सईदा पठाण. प्राचार्य त्यांना मॅडम म्हणत, पोरं पठाणबाई म्हणत, आणि त्या स्वतः प्राचार्यांपासून शिपायापर्यंत यच्चयावत पुरुषांना भाऊ म्हणत. माहेर चंद्रपूरचं, जटपुरा गेटच्या आतलं. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. त्या दुकानातून बाईंनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, डोळ्याला लावायचं वडिलांचं भिंग. दुसरी, बारीक वस्तू दिसली की ती उघडून पाहिल्याशिवाय चैन न पडणारी बोटं. आमच्या स्टाफरूमचं घड्याळ त्यांनी इतक्या वेळा उघडलं होतं की ते पुढे बाईंच्या धाकानेच चालत असावं. लग्न केलं नव्हतं. कोणी आडून आडून विचारलं तर म्हणत, "करीन करीन म्हणत होती, भाऊ. मायक्रोस्कोपमधून मान वर केली तवा सारे नवरदेव निघून गेलते."

अभ्यासक्रमात असलेलं सगळं त्या शिकवत. बेडूक शिकवत, गांडूळ शिकवत, झुरळाचं तोंड शिकवत. पण ते पाहुण्याला चहा विचारावा तसं. जीव अडकला होता तो एकाच ठिकाणी. प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. बाई त्यांना क्रोमोसोमच म्हणत. पेशी एकाची दोन व्हायला निघाली की ही मंडळी इकडेतिकडे भटकणं सोडतात आणि पेशीच्या बरोबर मध्यावर एका ओळीत येऊन उभी राहतात. मग दोन्ही टोकांकडून बारीक धागे त्यांना ओढतात आणि निम्मा माल इकडे, निम्मा तिकडे जातो. कांद्यात हेच होतं, भातात हेच, नाकतोड्यात हेच आणि माणसातही हेच. फक्त पानं कमीजास्त. कांद्याची सोळा, भाताची चोवीस, माणसाची सेहेचाळीस. पानं हा शब्द माझा नाही, बाईंचा. त्या ओळीत उभं राहण्याला त्या पंगत म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला असला आणि बाई "बसली!" असं ओरडल्या, की कुठल्या तरी कांद्याच्या मुळाच्या टोकाला पंगत बसली असं सगळ्या मजल्याला कळायचं.

"आपल्या इथी लग्नात शेवटचा मानूस पानावर बसल्याबिगर कोनी घास उचलते का?" त्या वर्गाला विचारायच्या. पोरं म्हणायची, "नाई." "मंग! पेशीतबी तसंच. एक पोट्टा अजून कोपऱ्यात घुटमळून राह्यला असंल, तं बाकीचे पंधरा त्याच्यासाठी थांबून राह्यते. जो आला नाई तोच साऱ्याईले थांबवून धरते." हे शास्त्रात खरंच तसं आहे की बाईंनी झाडीपट्टीच्या लग्नावरून रचलं, याची मला बरीच वर्षं शंका होती. पुढे एका नागपूरच्या प्राध्यापकांनी मला सांगितलं की ते अगदी खरं आहे.

शिट्टीचं प्रकरण याच पंगतीतून निघालं. एके दिवशी बाई मैदानावर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं मैदान, तुमची रस्सीखेचीची दोरी, चुना आन् शिट्टी, एक तास पाह्यजे." बी.एस्सी.च्या पोरापोरींना फळ्यावर पेशी समजत नव्हती, म्हणून आख्ख्या मैदानाची पेशी करायची होती. दोन्ही गोलपोस्टच्या मध्ये चुन्याची रेघ मारली. एकेका क्रोमोसोमचे दोन सारखे भाग, म्हणून बत्तीस जण जोड्यांनी उभे केले. कांद्याचे सोळा झाले. जोडीने हात धरायचे होते. पोरगी पोरीचा आणि पोरगा पोराचा हात धरेल अशी व्यवस्था बाईंनी आधीच केली होती, तरी शेवटी एक पोरगा आणि एक पोरगी उरलीच. दोघं एका हातरुमालाची दोन टोकं धरून, एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. प्रत्येकाच्या कमरेला सुतळी, आणि सुतळ्यांची टोकं दोन्ही गोलपोस्टशी बसलेल्या आडदांड पोरांच्या हातात. प्राचार्य गॅलरीत येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं मी काही नवीन खेळ सुरू केला.

शिट्टी बाईंच्या तोंडात. पंधरा जोड्या चुन्यावर येऊन उभ्या राहिल्या. सोळावी जोडी हातरुमालवाली. ती दोघं एकमेकांशी न बोलता दोन वेगवेगळ्या दिशांनी रेघेकडे यायला निघाली होती, त्यामुळे जागच्या जागीच फिरत होती. ऊन चढलं. गोलपोस्टवरचे आडदांड सुतळी ताणून कंटाळले. मी म्हटलं, "बाई, वाजवा ना आता. एका जोडीनं काय होते?"

बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "एका जोडीनं काय होते? एक इकडं जास्त गेला आन् तिकडं कमी पडला, तं पोटातलं लेकरू जगत नाई भाऊ." आणि शिट्टी पुन्हा तोंडात धरून त्या उभ्या राहिल्या. शेवटी कमरेचा गुंता सोडवून ती जोडी रेघेवर आली, तेव्हा कुठे शिट्टी वाजली, आणि पहिल्याच हिसक्यात निम्म्या सुतळ्या तुटून कांदा मैदानभर लोळला. पोरं खिदळत उठली. पण त्या वर्षी परीक्षेत त्या प्रश्नाला एकही पोरगा चुकला नाही असं बाई सांगत. शिट्टी परत देताना मला ऐकवलं ते वर लिहिलंच आहे. दोन पोरं ओळीबाहेर असली तरी मी शिट्टी मारतो, हे त्यांनी खिडकीतून पाहून ठेवलं होतं.

बाईंची काम करायची रीत घड्याळजीची होती. मुळाची टोकं सकाळच्या ठरावीक वेळीच कापायची, कारण तेव्हा पेशी जोरात असतात. ती काचेवर ठेवून लाल रंगाचा थेंब टाकायचा, सुईने कुटायचं, वर पातळ काच ठेवायची, टीपकागद धरायचा आणि अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा तसूभर सरकला तर पंगत विस्कटली. पोरांचे अंगठे सरकत. बाईंचा सरकत नसे. आणि सुई गंजलेलीच पाहिजे. त्या लाल रंगात लोखंडाचा अंश उतरला की क्रोमोसोमं ठसठशीत दिसतात, म्हणून बाईंनी एक सुई वर्षानुवर्षं दमट जागी ठेवून, निगा राखून गंजवली होती. लोक लोणचं मुरवतात तशी त्यांनी ती सुई मुरवली होती.

एका वर्षी विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला येणार होती. आमचा शिपाई तुळशीराम हा अतिशय प्रामाणिक माणूस, आणि प्रामाणिक माणसाच्या हाती काचकागद द्यायचा नसतो हे प्राचार्यांना माहीत नव्हतं. तुळशीरामने दारांच्या कड्या घासल्या, नळ घासले आणि जाता जाता प्रयोगशाळेतली सुईही घासून आरशासारखी करून ठेवली. समिती समोर उभी, पोरं पातळ काचा दाबून राहिलेली, आणि सूक्ष्मदर्शकात सगळं फिकट. बाईंनी सुई उजेडात धरली. "तुळशीरामभाऊ, हे काय केलं?" तो अभिमानाने म्हणाला, "बाई, कावून लाजवता. ते लय खराब झालती. म्या नवी करून देल्ली."

बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्या खिडकीशी आल्या आणि खाली मैदानावर मला हाक मारली, "भाऊ! तुमच्या व्हॉलीबॉलच्या खांबाचा एक खिळा पाठवा!" मी म्हटलं, नवा देऊ? "नवा नोको! तुमच्याकडचा सामान जसा असते, तसाच पाह्यजे!" समितीसमोर माझ्या विभागाची अब्रू ही अशी गेली. पण खिळा गेला, थेंबात बुडाला, आणि अर्ध्या तासात कांद्याच्या पेशींत लालबुंद पंगती दिसू लागल्या. समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, "मॅडम, हे उपकरण कोणतं?" बाई म्हणाल्या, "खिळा."

मला स्वतःला सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा काही दिसलं ते एका ढेकण्यामुळे. तुरीवर, धानावर तो हिरवा ढेकण्या येतो, हात लावला की घाण वास सोडतो, तो. पोरांनी काड्यापेट्या भरभरून ढेकणे आणले होते आणि त्यातल्या दोन काड्यापेट्या स्टाफरूममध्ये उघडल्या होत्या. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये मराठीच्या सरांशिवाय कोणी बसलं नाही, आणि त्यांना सर्दी होती. बाई मला ओढतच घेऊन गेल्या. मी डोळा लावला. "काय दिसते?" "माझ्या पापण्या." "पापण्या मिटू नोका ना बापा. आता?" आता एक रिंगण दिसलं. लाल ठिपके गोल करून बसलेले, आणि मधोमध दोन वेगळे.

"मी आजपर्यंत सरळ पंगत दाखवली ना पोट्ट्याईले," बाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. "हे पाहा. हे ढेकणे गोल बसते. सारे भवताली, आन् ज्याच्यावरून नर का मादी ठरते ते दोघं मधी. नवरदेव-नवरी मधी आन् वऱ्हाड भवताली. येका जातीची येक रीत, दुसऱ्या जातीची दुसरी. पन आपल्या जागेवर आल्याबिगर कोनीच हलत नाई. कोनीच नाई." मला शास्त्र कळत नव्हतं, पण ओळ करण्यात माझं आयुष्य चाललेलं. ते इवलेसे ठिपके कोणी शिट्टी न वाजवता इतक्या शिस्तीत बसलेले पाहून मी पुन्हा डोळा लावला. त्या दिवसापासून मी बाईंचा माणूस झालो.

बाईंची इच्छा एकच होती आणि ती आख्ख्या कॉलेजाला माहीत होती. त्यांना भेकराची पंगत पाहायची होती. आमच्या जंगलात संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकतं ते भेकर. जगातल्या सगळ्या दूध पाजणाऱ्या जनावरांत सगळ्यात कमी क्रोमोसोमं त्याची. मादीला सहा, नराला सात. "सेहेचाळीस पानाची पंगत घेऊन आपन माणसं एवढी मिजास मारतो," बाई म्हणत, "आन् ते भेकर सहा-सातात सारं भागवते. आपल्या दारात भुंकते ते, आन् त्याचे फोटो पाह्यचे तं परदेशातल्या पुस्तकात! तेबी औषध घालून पांगवलेले, मोजायले सोपं पडते म्हून. मले ते त्याच्या पंगतीत बसलेले पाह्यचे हाये. माझ्या डोळ्यानं."

त्यासाठी नुकत्याच मेलेल्या भेकराच्या हाडातला मगज लागतो, कारण तिथे पेशी सारख्या नव्याने होत असतात. बाईंनी वनखात्याकडे चकरा मारून परवानगी मिळवली. आपोआप मेलेलं जनावर सापडलं, तर शवविच्छेदनाच्या वेळी मांडीच्या हाडातला चिमूटभर मगज मिळेल. ही बातमी गावात पोहोचेपर्यंत तिचं रूप पालटलं होतं. पठाणबाईंना भेकराची नळी खायची आहे, असं पानठेल्यावर बोलू लागले. प्राचार्यांनी त्यांना बोलावून, घसा साफ करून, लोक काय म्हणतात ते सांगितलं. बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. "सर, मले नळीच खायची असती तं चंद्रपूरचे सारे बोकड मेले का?"

आणि याच सुमारास बाईंच्या डोळ्यांनी त्यांना दगा दिला. साखर बरीच वर्षं होती, आणि स्टाफरूममध्ये कोणाचाही पेढा आला की पहिला हात बाईंचा. साखरेने डोळ्याचा पडदा खाल्ला. नागपूरला जाऊन उपचार केले, तरी उजवा डोळा गेलाच. बाईंनी हे आम्हाला चहा पिताना सांगितलं. "उजवा गेला. डावा जाऊन राह्यला. आता भेकरानं जरा लवकर मरावं." आम्ही हसलो आणि मग एकेक जण कप ठेवून आपापल्या तासाला निघून गेला.

एकदा भेकर जवळजवळ मिळालंच होतं. पोंभुर्ण्याच्या बाजूला नेमणुकीला असलेला मडावी नावाचा वनरक्षक आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी, कबड्डीत माझा उजवा चढाईवाला. विहिरीत पडून मेलेल्या भेकराचं शवविच्छेदन झालं, आणि मडावीने डॉक्टरांना बाईंच्या परवानगीची आठवण करून देऊन हाड मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने तो स्वतः सिंदेवाहीला आला. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधलेलं पुडकं त्याने बाईंच्या टेबलावर ठेवलं. आतून पांढरंशुभ्र, लखलखीत हाड निघालं.

"हे असं कसं रे पांढरं?" बाईंनी विचारलं.

मडावी लाजला. "बाई, तुमच्या हातात तसंच कसं देऊ? वास मारत होतं. मायनं चुलीवर चांगलं उकळलं. आतबाहेर साफ करून आनलं."

मी बाईंकडे पाहिलं. उकळलेल्या हाडात आता पाहण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. बाईंनी ते हाड बोटांनी चाचपलं, पुन्हा कागदात बांधलं आणि म्हणाल्या, "तुझ्या मायले सांग, लय चांगलं साफ केलं. आता जेवून जाजो." त्याच्यासाठी डबा मागवला. आपण काय केलं ते मडावीला पुढे मीच सांगितलं, तर तो गडी ढसाढसा रडला.

त्यानंतर डावा डोळाही झपाट्याने मंदावला. समोर माणूस आला एवढं कळे, कोण आला ते आवाजावरून. शेवटच्या वर्षी बाई पाठ असलेलं शिकवत आणि आकृत्या पोरं काढत. निवृत्तीला महिनाच उरला होता. दिवाळीची सुट्टी होती, मैदानावर माझ्या कबड्डीच्या पोरांचा सराव चालला होता, आणि बाई सुट्टीतही येऊन प्रयोगशाळेतल्या काचा पुसत बसल्या होत्या. तेव्हा ऑफिसात फोन वाजला. मडावी बोलत होता. त्याची नेमणूक आता मूल गावच्या रस्त्याला होती. कुत्र्यांनी पिटाळलेलं एक भेकर रोपवाटिकेच्या तारेवर आदळलं होतं, डॉक्टर पोहोचले तरी जगण्याची आशा नव्हती. "सर, बाईंना घेऊन या. म्या या टायमाले कशालेच हात लावत नाई."

स्कूटरवर मागे बाई, त्यांच्या मांडीवर थर्मास आणि थर्मासात कोमट मिठाचं पाणी. आम्ही पोहोचलो तेव्हा भेकर नुकतंच गेलं होतं. अंग अजून ऊन होतं. बाई खाली बसल्या. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, ओठांत काही पुटपुटल्या, मग हात वर नेऊन दोन्ही आखूड शिंगं चाचपली. "नर हाये," म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, पंचनाम्यावर सह्या झाल्या आणि चिमूटभर मगज कुपीत आला. परतताना बाईंनी ती कुपी मुठीत, पदराखाली, पोटाशी धरली होती. "खड्ड्यातून घाला, पन जोरात घाला," त्या मागून ओरडत होत्या.

पुढचं सगळं काम बाईंनी बोटांनी केलं. औषध घातलं नाही. एकेक थेंब, एकेक काच, टीपकागद, अंगठा. डोळे खिडकीकडे होते आणि अंगठा सरळ खाली जात होता. मग मला स्टुलावर बसवलं. "आता तुमी पाहा."

"बाई, मी?"

"मंग कोन? गोल दाने दिसंल ते सोडा. काड्या दिसल्या की बोला."

मी काचा पाहत गेलो. दाणे, दाणे, नुसते दाणे. मान अवघडली, डोळ्यांत पाणी आलं. बाई शेजारी उभ्या होत्या. एका काचेच्या कडेला मी थबकलो. जाडजूड, लांब लांब लाल काड्या, एका ओळीत.

"बाई," मी म्हटलं, "बसली."

त्यांनी टेबलाची कड धरली. "किती?"

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "सहा."

"नीट मोजा."

"सहाच हाये, बाई."

त्यांचा चेहरा पडला. "नर होता. म्या शिंग पाह्यले ना हातानं. नराले सात पाह्यजे." थोडं थांबून म्हणाल्या, "अंगठा सरकला असंल माझा. गेला असंल एक कुठी." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "काच बाकी साफ हाये बाई. तेवढा एक कचऱ्याचा कन सोडला तं."

"कचरा? कुठी हाये?"

"तिथीच. काड्यांच्या शेजारी, टोकाले."

"लाइनीच्या बाहेर का लाइनीत?"

मी पुन्हा डोळा लावला. "लाइनीत."

"बराबर लाइनीत?"

"बराबर."

"भाऊ," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला, "कचरा कधी लाइनीत बसते का?"

मी तिसऱ्यांदा पाहिलं. बाकीचे सहा धिप्पाड आणि त्यांच्या टोकाला तो चिमुकला, पण इंचभरही मागेपुढे नाही. नराचं नरपण ज्याच्यात असतं तो हाच, हे बाईंनी मला मग सांगितलं. मी स्टुलावरून उठलो आणि त्यांना बसवलं. त्यांनी डावा डोळा लावला, चाक पुढेमागे फिरवलं, पुन्हा फिरवलं. बराच वेळ तशाच वाकून बसल्या.

"दिसलं का बाई?"

"नाई," त्या म्हणाल्या. "लाल लाल दिसते निस्तं." डोळे पुसले, पदराने चष्मा पुसला, आणि एकदम मान वर केली. "खाली पोट्टे खेळून राह्यले ना तुमचे? बोलवा साऱ्याईले."

कबड्डीची पोरं आली. धुळीने माखलेली, अनवाणी, सगळी आर्ट्सची, सूक्ष्मदर्शकाला कधी शिवलेली नाहीत. बाईंनी स्टूल फिरवून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून त्या बसल्या. एकेकाने पाहायचं आणि मोजून सांगायचं, एवढाच हुकूम. तुळशीरामही रांगेत उभा राहिला. पहिला म्हणाला सहा. "पुन्हा पाह्य." त्याने पुन्हा पाहिलं. "सात, बाई! एक बारकुसा हाये!" दुसरा म्हणाला सात. तिसरा म्हणाला सात. प्रत्येक सातला बाईंची मान हलकेच डोलत होती. चेहरा असा उजळला होता की पोरं मस्ती सोडून एकेक करून पुढे सरकत होती. पुढल्या महिन्यात बाई निवृत्त होऊन भावाकडे चंद्रपूरला गेल्या आणि मग माझी त्यांची भेट झाली नाही. त्यामुळे माझ्या मनात त्या राहिल्या आहेत त्या तशाच, दाराकडे तोंड करून बसलेल्या.

रांगेत शेवटी कबड्डीत आमचा डावा कोपरा सांभाळणारा होता, वात्रट पोरगा. सगळ्यांची उत्तरं ऐकून झालेली. दारातूनच म्हणाला, "सात!"

बाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"न पाह्यताच सांगते का रे? तुले डोळे हायेत ना? मंग पाह्य."

पोरगा मुकाट्याने पुढे आला, वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला.